बाहीवरचा गवा

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीच्या आठवणी निघतात त्या बायकामुलांच्या. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले. त्यांच्यातल्या कित्येकांचे वडील, भाऊ तेव्हा जनरल अँडर्सच्या दुसऱ्या पोलिश कोअरमधून इटलीत लढत होते. अंगावर ब्रिटिश धाटणीचा गणवेश, त्यामुळे माणूस ओळखायचा तो बाहीवरून.

खांद्यालगत लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ‘पोलंड’. ती सगळ्यांनाच असायची, म्हणून तिथे फार रेंगाळू नये. खाली पांढऱ्या-लाल कापडावर हिरवं सूचिपर्णी झाड दिसलं की शिपाई तिसऱ्या कार्पेथियन डिव्हिजनचा. पिवळ्यावर तपकिरी जनावर दिसलं की पाचव्या क्रेसोवाचा. वारणानगरच्या माणसाला ते दाखवा, तो बेलाशक गवा म्हणेल. दाजीपूरच्या रानात दिसतो तसाच खांद्याचा उंचवटा, तसंच खाली घातलेलं डोकं. पण गव्याचं अंग तुकतुकीत, पायात पांढरे मोजे; याच्या मानेवर आणि हनुवटीखाली केसांचं जंजाळ. हा युरोपातला झुब्र, ब्यावोव्येझाच्या जंगलातला.

लष्कराला गरुड, सिंह, वाघ प्यारे. इथे मात्र चक्क रवंथ करणारं जनावर! ही निवड मला फार आवडते. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये माणसं उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेली. सुटून आलेल्यांतून क्रेसोवा डिव्हिजन उभी राहिली; त्यांच्यासारख्यांचीच कुटुंबं इराणमार्गे वळिवड्याला पोचली. शिपायांनी बाहीवर आपल्या मुलखातलं रान शिवून घेतलं, एवढंच.

मे १९४४ मध्ये माँटे कॅसिनो घेतल्यावर त्यांना ब्रिटिश आठव्या आर्मीचं चिन्हही मिळालं: पांढऱ्या ढालीवर सोनेरी क्रूस. मानाचं खरं, पण झुब्रापुढे मला ते सरकारी शिक्क्यासारखं वाटतं.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्यांनी तो पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत युनियनकडे ठेवला. बाहीवरचा झुब्र तसाच राहिला. ९ एप्रिलला सेनियो नदीवर आठव्या आर्मीचा हल्ला सुरू झाला, तेव्हा पोलिश कोअर त्यात होतंच. त्याच दिवशी, त्याच नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यापार नेलं, शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.