मूठ बसली, म्हणजे नेमकं काय बसलं?

समजा तुमच्या सिनॉप्सिसवर हे शीर्षक आहे : ‘ॲडजस्टेबल ग्रिपचा नेमबाजाच्या कामगिरीवर होणारा परिणाम : एक अभ्यास’. दिसायला सुटसुटीत. एक स्वतंत्र चल, एक अवलंबी चल, तीस जणांचा नमुना, पाच बिंदूंची प्रश्नावली, शेवटी एनोव्हा. कमिटीपुढे दहा मिनिटांत मांडून होईल. आज आपण या शीर्षकाची चिरफाड करणार आहोत. कारण यात ज्या चुका लपल्या आहेत, त्या पिस्तुलापुरत्या नाहीत. माणसाचं शरीर आणि वस्तू यांचा संबंध जिथे येतो, त्या प्रत्येक विषयात त्या तुम्हाला भेटतील.

उमरखेडला बसून पिस्तुलाच्या मुठीवर कशाला लिहायचं, असं कुणी विचारेल. पहाटे पुसद रोडला किंवा ढाणकी रोडला जाऊन बघा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतील. महाराष्ट्राच्या भरतीत ३० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत. भरतीत उंची मोजतात, मुलांची छाती मोजतात, धावण्याची वेळ लावतात. हात कुणी मोजत नाही. पुढे ज्यांच्या हातात पिस्तूल येतं, त्यांना ते आहे तसंच घ्यावं लागतं. गोळी बाजूला गेली की ती त्या माणसाच्या नावावर लागते, मुठीच्या नावावर नाही. म्हणून हा प्रश्न नुसता हौशी लोकांचा नाही.

आधी मूठ काम काय करते ते बघू. पिस्तूल एका छोट्या आधारावर तोललेलं असतं आणि त्यातला हलणारा भाग तर्जनीनं ओढायचा असतो. त्यामुळे पहिलं महत्त्वाचं माप म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. हे अंतर बोटाला जास्त पडलं तर बोटाचं टोकच ट्रिगरवर पोचतं, दाब सरळ मागे न जाता बाजूला जातो. नाहीतर माणूस हात फिरवून बोट पोचवतो आणि धक्का मनगटाच्या रेषेत न येता अंगठ्याच्या सांध्यावर येतो. दुसरं माप मुठीचा घेर. तिसरं, तळहाताच्या खोलगट जागेत मूठ किती भरते. चौथं, मुठीचा कोन, म्हणजे मनगट सरळ ठेवल्यावर नळी कुठे बघते. एकाच हातात ही चारही मापं एका प्रमाणात असतील असं काही नाही. लांब बोटांचा पण अरुंद तळव्याचा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

आता पहिली टीका. ‘ॲडजस्टेबल ग्रिप’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या दुनिया एकत्र करतो.

एक दुनिया स्पर्धेची. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकाराच्या वेगवान टप्प्यात हात ४५ अंशात खाली ठेवायचा असतो, लक्ष्य ३ सेकंदांसाठी समोर येतं, तेवढ्यात हात वर उचलून एक गोळी झाडायची, मग पुन्हा खाली. म्हणजे दर वेळी पिस्तूल हातात तसंच्या तसं असावं लागतं. इथे मूठ लाकडाची, हाताला घट्ट बसणारी, खाली तळव्याला टेकू देणारी असते. नेमबाज ती कानशीनं घासतात, पुट्टी भरतात, पुन्हा घासतात. नियमही आहेत : मूठ मनगटाला आधार देऊ शकत नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. या प्रकारात ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम हवा, १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम.

दुसरी दुनिया सेवेतल्या पिस्तुलाची. इथे मुठीच्या आत मॅगझिन असतं, आणि मूठ मॅगझिनपेक्षा बारीक करता येत नाही. ही साधी गोष्ट फार महत्त्वाची आहे. स्पर्धेच्या बऱ्याच २५ मीटर पिस्तुलांत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं आणि एअर पिस्तुलात तर मुठीत काहीच भरायचं नसतं. म्हणून तिथे लाकूड हवं तसं कोरता येतं. इशापूरच्या कारखान्यात बनणारं ९ मिमी ऑटो पिस्तूल १ए हे ब्राउनिंग हाय पॉवरच्या घडणीवरचं. त्यात १३ गोळ्या दोन रांगांत मुठीतच बसतात. बाजूच्या पट्ट्या बदलता येतील, पण आतला सांगाडा तोच राहणार.

अमेरिकी सैन्यानं १९८५ मध्ये बेरेटाचं एम-९ घेतलं. लहान हाताच्या सैनिकांना ते जाड पडतं, ही तक्रार जुनी. त्यात पहिल्या गोळीला ट्रिगर पुढे असतो आणि दाब पाच किलोंहून जास्त. म्हणजे लहान हाताला अंतरही जास्त आणि जोरही जास्त, दोन्ही एकदम. पुढे वॉल्थर पी-९९ नं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुठीच्या पाठीच्या बदलत्या पट्ट्या आणल्या, ग्लॉकनं २०१० मध्ये चौथ्या पिढीत तसंच केलं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्यानं सिग सॉअर पी-३२० निवडलं. त्यात अख्खी प्लास्टिकची मूठच लहान, मध्यम, मोठी अशी बदलता येते.

म्हणून कोरीव लाकडी मुठीवर मिळालेला निष्कर्ष उचलून ‘पोलिसांसाठी ॲडजस्टेबल पिस्तूल घ्यावं’ अशी शिफारस शेवटच्या प्रकरणात लिहिली, तर परीक्षक एकच प्रश्न विचारतील : तुमच्या प्रयोगात मूठ हातानुसार कमी करता येत होती, इथे फक्त वाढवता येते. मग निष्कर्ष लागू कसा होतो? पाठीच्या पट्ट्या मुळात भर घालण्यासाठी असतात. सगळ्यात बारीक पट्टी लावूनही ज्याचं बोट पोचत नाही, त्याच्यासाठी ते पिस्तूल ॲडजस्टेबल नाहीच. बाह्य वैधता हा शब्द नेटच्या पुस्तकात पाठ करतो, तो इथे असा समोर येतो.

दुसरी टीका ‘सरासरी हात’ या कल्पनेवर. लहान, मध्यम, मोठी अशा तीन मुठी ठेवल्या की सगळे हात बसले, असं वाटतं. इथे गिल्बर्ट डॅनियल्स यांचं काम वाचाच. अमेरिकी हवाई दलानं १९५० मध्ये चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली होती. डॅनियल्स यांनी त्यातली कॉकपिटच्या रचनेला लागणारी १० मापं निवडली आणि प्रत्येक मापात मधले ३० टक्के म्हणजे ‘सरासरी’ अशी सैल व्याख्या केली. मग मोजलं : ४,०६३ वैमानिकांपैकी दहाही मापांत सरासरी असलेले किती? एकही नाही. तीनच मापं घेतली तरी ३.५ टक्क्यांहून कमी. १९५२ मध्ये हा अहवाल आला. धडा असा की सरासरीला बसवलेली वस्तू कुणालाच नीट बसत नाही. तुमच्या अभ्यासात तुम्ही हाताची फक्त लांबी मोजून तीन गट पाडले, तर घेर आणि बेचक्यापासूनचं अंतर हे तुम्ही गृहीत धरलं. मोजलं नाही.

तिसरी टीका आपल्या घरची. २०१४ मध्ये कानपूरच्या शस्त्रनिर्माणीनं ‘निर्भीक’ हे .३२ चं रिव्हॉल्व्हर आणलं. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर, महिलांसाठी म्हणून. वजन ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये, सोबत दागिन्यांसारखी पेटी. हलकं आहे, पर्समध्ये मावतं, यावर प्रसिद्धीचा भर होता. वजन आणि पर्स ही वाहून नेण्याची मापं झाली. झाडण्याची मापं वेगळी : बोट पोचतं का, घेर मुठीत येतो का, ट्रिगर ओढायला किती जोर लागतो. वर भौतिकशास्त्र असं की काडतूस तेच ठेवून शस्त्राचं वजन निम्मं केलं, तर ते मागे येण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे हलकेपणा खिशाला सोयीचा आणि मनगटाला महाग. ‘महिलांसाठी’ हा शब्द डिझाइनमध्ये आला की विचारायचं : कोणतं माप महिलांचं घेतलं? पुरुषांतही लहान हात असतात, महिलांतही मोठे. लिंग हे हाताच्या मापाच्या जागी ठेवलेलं आयतं चल आहे. हात मोजायला पट्टी लागते, पाच मिनिटं लागतात. मग आयतं चल कशाला?

चौथी टीका मोजण्यावर, आणि मला ही सगळ्यात मोठी वाटते. ‘कामगिरी’ म्हणजे काय मोजणार? बरेच जण ‘ग्रिप किती आरामदायक वाटली’ विचारतात. आराम ही कामाची माहिती आहे, पण ती कामगिरी नव्हे. नवी मूठ पहिल्या दहा मिनिटांत छानच वाटते.

मग गुण घ्यायचे का? समजा दोघी नेमबाज आहेत. पहिलीच्या दहा गोळ्या मध्यापासून ४ सेंमी डावीकडे, पण सगळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. दुसरीच्या मध्याच्या चारी बाजूंना, जेवणाच्या ताटाएवढ्या पसरलेल्या. दहाही गोळ्यांचा सरासरी बिंदू काढला तर दुसरी अचूक मध्यावर आणि पहिली चुकलेली. पण हाताला मूठ कुणाची बसली आहे? पहिलीची मूठ दर वेळी तशीच धरली जातेय. तिची चूक ठरावीक आहे. स्पर्धेच्या पिस्तुलावर दृष्टिपट्टीचा स्क्रू फिरवला की ती सुटते. दुसरीचा स्क्रू कुठे फिरवणार? म्हणून गोळ्यांचं विस्थापन आणि गोळ्यांचा पसारा हे दोन आकडे वेगळे द्यायचे. एकत्र करून ‘गुण’ दिले की तुमची मूठ काय करते तेच झाकलं जातं.

आणि इथे दोन दुनिया पुन्हा वेगळ्या होतात. सेवेतल्या अनेक पिस्तुलांची दृष्टिपट्टी हवी तशी फिरवता येत नाही. तिथे ठरावीक चूकही त्या शिपायाच्या पदरात पडते. मूठ तीच, हात तोच, चूक तीच, पण एकीकडे ती दोन मिनिटांचं काम आणि दुसरीकडे ‘नेम कच्चा’ असा शेरा.

पाचवी गोष्ट नमुन्याची. नमुना कुठून घेणार? शूटिंग क्लबमधून तीस जण, सोयीचं आहे. पण ज्यांच्या हाताला पिस्तूल कधी बसलंच नाही, ते क्लब सोडून केव्हाच गेले. जे उरले ते बसलेले हात. त्यांच्यावर प्रयोग करून ‘ग्रिपनं फारसा फरक पडत नाही’ असं आलं, तर तो निष्कर्ष गेलेल्यांना विचारलेला नाही. निदान नवशिके घ्या, आणि हाताच्या मापानं दोन्ही टोकांचे मुद्दाम जास्त घ्या. मधल्या हातांबद्दल आपल्याला तसंही बरंच माहीत असतं.

क्रमही बघा. तीन मुठी सगळ्यांना एकाच क्रमानं दिल्या, तर तिसऱ्या मुठीचे गुण सरावानं वाढतील किंवा थकव्यानं उतरतील, मुठीमुळे नव्हे. तीन मुठींचे क्रम सहा होतात. तीस माणसं असली तर प्रत्येक क्रमाला पाच. हे आधीच लिहून ठेवायचं, नंतर नाही. हाताचा जोर वेगळा मोजायचा, कारण मोठा हात म्हणजे जोरकस हात असं समीकरण नाही.

आता उलट बाजूही मांडायला हवी, नाहीतर ही टीका एकांगी होईल. मूठ म्हणजे सगळं नाही. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात जायबंदी झाला. ते डाव्या हातानं शिकले आणि १९४८ ला लंडन, १९५२ ला हेलसिंकी, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये वेगवान पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. सराव हाताला बरंच काही शिकवतो. कुणी म्हणेल, मग शिकवाच ना, मूठ कशाला बदलायची? पण हे उदाहरण नीट वाचा. एका असामान्य माणसानं अडचण ओलांडली, म्हणून ती अडचण नव्हती असं ठरत नाही. संशोधनात आपण विचारतो की साधारण माणसाला त्याच ठिकाणी पोचायला किती जास्त काडतुसं, किती जास्त दिवस लागतात. मुठीचा फायदा कदाचित शेवटच्या गुणांत दिसणार नाही, शिकण्याच्या वेगात दिसेल. तो मोजायचा तर एका दिवसाचा प्रयोग पुरणार नाही.

शस्त्र, परवाना, रेंज यातलं काहीच हाताशी नसेल तरी हा प्रश्न सुटत नाही असं नाही. आपल्या तालुक्यात खुरपं, विळा, ऊसतोडीचा कोयता रोज हजारो हातांत असतो. दांड्याला चिंधी नाहीतर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली दिसली, की समजा कुणीतरी आपली मूठ आपल्या हाताला बसवून घेतली आहे. तिथेही हेच प्रश्न : वस्तू कमी करता येते की फक्त वाढवता, कोणती मापं घेतली, आराम मोजला की काम, आणि ज्यांना झेपलं नाही ते नमुन्यात आहेत का.

तर ते शीर्षक असं करून बघा : ‘बेचक्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर आणि मुठीचा घेर यांचा नवशिक्या नेमबाजांच्या गोळ्यांच्या पसाऱ्यावर होणारा परिणाम : लहान व मोठ्या हातांचा तुलनात्मक अभ्यास’. लांब आहे, तोंडात बसत नाही. पण यातला प्रत्येक शब्द मोजता येतो. गाइड ‘छोटं करा’ म्हणाले, तर शब्द काढायच्या आधी एवढंच विचारा : सर, यातलं कोणतं माप सोडायचं?