गाडीने जीव घेतला, पण नोंदीत गाडीच नाही

गाडीमुळे झालेला मृत्यू म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? धडक, उलटलेला ट्रक, रस्त्यावर काचांचा सडा. पण कुठेही न धडकता गाडी जीव घेऊ शकते. घराला लागून असलेल्या बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू राहतं आणि धूर घरात शिरतो. उन्हात उभ्या गाडीत लहान मूल राहून जातं. पॉवर विंडोच्या काचेत मान अडकते. जॅक सरकतो आणि खाली काम करणाऱ्यावर गाडी येते.

असे मृत्यू मोजायचे कसे? अमेरिकेने त्यासाठी एक पद्धत वापरली आहे. आज तिची जरा झाडाझडती घेऊ.

अमेरिकेत १९७५ पासून जीवघेण्या वाहन अपघातांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. पण अपघात सार्वजनिक रस्त्यावर झालेला हवा आणि मृत्यू ३० दिवसांच्या आत व्हायला हवा. वरचे प्रसंग तिथे येतच नाहीत. म्हणून २००७ मध्ये रस्ते सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, म्हणजे एनएचटीएसएने, वेगळी यंत्रणा उभी केली. धडक नसलेल्या मृत्यूंसाठी तिचा मोठा आधार म्हणजे मृत्यूचे दाखले.

कल्पना चांगलीच आहे. पोलीस केस होवो न होवो, दाखला जवळजवळ प्रत्येक मृत्यूचा निघतो. मग अडतं कुठे? कोडमध्ये.

दाखल्यावरचं कारण आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या कोडमध्ये बदललं जातं. हा कोड शरीराला काय झालं ते सांगतो, कोणत्या वस्तूमुळे झालं ते बऱ्याचदा सांगत नाही. एक्स-४७ म्हणजे वायूची विषबाधा. मग तो वायू गाडीचा असो की बिघडलेल्या हीटरचा. एक्स-३० म्हणजे उष्णतेने मृत्यू. शेतात कोसळलेला मजूर आणि गाडीत राहिलेलं बाळ, दोघेही तिथेच जाऊन बसू शकतात. डब्ल्यू-२३ म्हणजे दोन वस्तूंमध्ये चिरडणं. काच गाडीची की दार घराचं, कोडला पत्ता नाही.

मग गाडी सापडते कुठे? दाखल्यावरच्या एका रकान्यात: ‘इजा कशी झाली’. तिथे कोणी ‘गॅरेजमध्ये गाडी चालू राहिली’ असं लिहिलं, तर तो मृत्यू मोजला जातो. नुसतं ‘वायू श्वासात गेला’ लिहिलं, तर निसटतो. आणि हे लिहिणारा कोण? कुठे प्रशिक्षित वैद्यकीय तपासनीस, तर काही काउंट्यांमध्ये निवडून आलेला कॉरोनर, जो डॉक्टर असेलच असं नाही.

म्हणून माझा आक्षेप असा: या पद्धतीतून येणारा आकडा म्हणजे ‘इतके मृत्यू झाले’ नव्हे, ‘इतके मृत्यू नीट लिहिले गेले’. तो किमान आकडा म्हणून वाचा.

दुसरी यादी जोडून बघता येईल. जॅन नल हे हवामानतज्ज्ञ मुख्यतः बातम्यांवरून गाडीतल्या उष्माघाताने गेलेल्या मुलांची नोंद ठेवतात. १९९८ पासून सरासरी वर्षाला सुमारे ३७. आता समजा (हे आकडे माझे, फक्त समजावण्यासाठी) दाखल्यांत ३० मृत्यू सापडले, बातम्यांत २४, आणि दोन्हीकडे असलेले १८. तर ३० गुणिले २४, भागिले १८: अंदाज ४०. दोन्ही याद्या मिळून नावं ३६ च भरतात, म्हणजे चौघे कुठेच नाहीत. पण यातही मेख आहे. हे गणित दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतं. मूल गेलं की बातमी होते आणि दाखलाही काळजीने भरला जातो. एकट्या राहणाऱ्या आजोबांचं दोन्हीकडे काहीच होत नाही. तेव्हा हा अंदाजही कमीच पडणार.

एवढा कीस कशाला काढायचा? कारण जे मोजलं जातं तेच बदलतं. १९९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत गाडीच्या डिकीत अडकून ११ मुलं गेली. ती बातमी झाली, आणि २००१ पासून तिथल्या नव्या कारच्या डिकीत आतून उघडायची सोय सक्तीची झाली. याउलट बिनचावीच्या, बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या बघा. त्या चालू राहून झालेल्या विषबाधेने २००६ पासून किमान २८ जण गेले, हे २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने शोधून काढलं. एक्स-४७ च्या ढिगात चावीचा प्रकार दिसणार कसा?

आपल्याकडे? मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना ४ मध्येही, इजा कशी झाली हे विचारलेलं असतं. पण २०२० मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांनाच कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं. बाकीच्यांच्या बाबतीत रकाना नीट भरला का, हा प्रश्नच येत नाही.

तुमच्यापैकी कोणी डॉक्टर असाल, तर एवढंच करा: त्या रकान्यात वस्तूचं नाव लिहा. ‘गुदमरून’ नको, ‘बंद गाडीत गुदमरून’. दोनच शब्द जास्त, पण आम्हाला तो मृत्यू सापडेल.