एमआरआयमध्ये बदल दिसला, म्हणजे जबडा वाढला का?

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला खालचा जबडा पुढे आणणारं उपकरण, म्हणजे फंक्शनल अप्लायन्स, बसवायचं ठरलंय. "कानापुढचा सांधा बिघडणार नाही ना?" हा तिचा प्रश्न. मी दंतवैद्य नाही, पण शोधनिबंध वाचणं हे माझं रोजचं काम. म्हणून या वादात हमखास पुढे केला जाणारा एक निबंध तुमच्यासोबत वाचतो.

हा रूफ आणि पँचर्झ यांचा १९९९ चा निबंध. त्यातलं हर्ब्स्ट उपकरण दातांवर पक्कं बसवतात. ते जबडा दिवसरात्र पुढे धरून ठेवतं. २५ किशोर आणि १४ तरुण रुग्णांचे एमआरआय काढले. ६ ते १२ आठवड्यांत जबड्याच्या हाडाच्या सांध्यात बसणाऱ्या टोकांवर बदल दिसले: किशोरांच्या ५० पैकी ४८, तरुणांच्या २८ पैकी २६.

निबंधाचं बळ एमआरआयमध्ये आहे. साध्या एक्स-रेमध्ये सांध्यातली मऊ चकती दिसतच नाही. पण उपचार न घेतलेल्या मुलांचा तुलनेचा गट इथे नाही. शिवाय हा बदल सांगतो की सांध्याने प्रतिसाद दिला. जबडा कायमचा लांब झाला किंवा सांधा जन्मभर ठणठणीत राहील, हे त्यातून निघत नाही. लोक मात्र नेमकं तेच काढतात.

तुलनेचा गट असला की काय होतं? ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ८ ते १० वर्षांच्या १७४ मुलांची यादृच्छिक विभागणी केली: एका गटाला ट्विन ब्लॉक, दुसऱ्याला तूर्त काहीच नाही. पुढे आलेले दात मागे गेले, पण बहुतांश फरक दात सरकल्याचा होता. हाडाचा वाटा लहान. उपकरण वेगळं, त्यामुळे आधीचा निबंध खोटा ठरत नाही. त्यावरून केलेले दावे मात्र आखडते घ्यावे लागतात.

हाच निकष भीतीलाही लावा. वयात येताना सांध्याच्या तक्रारी उपचाराविनाही वाढतात. त्यामुळे "उपकरण लावलं आणि जबडा कटकट वाजायला लागला" एवढ्यावरून उपकरण दोषी ठरत नाही.

बहिणीला मी इतकंच सांगितलं: सुरू करण्याआधी सांधा तपासून घे. तोंड किती उघडतं, दुखतं का, आवाज येतो का, हे लिहून ठेवायला सांग. नंतर काही झालं, तर तुलना करायला तुझ्या मुलाचीच नोंद हाताशी असेल. आणि दुखणं थांबेना किंवा तोंड उघडताना अडकलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस.