पंच्याहत्तर सूचना आणि आंघोळीचे पाणी

घराघरांतून होणारे कार्बन उत्सर्जन हा विषय आता शालेय वर्गापर्यंत आला आहे. त्यासाठी शिक्षकांच्या हाती येणाऱ्या साहित्यात 'मिशन लाइफ'ची पंच्याहत्तर सूचनांची यादी महत्त्वाची आहे. पर्यावरणाला अनुकूल जीवनशैलीची ही कल्पना भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत मांडली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेतील केवडिया येथे मोहिमेला प्रारंभ झाला. यादीची भाषा सोपी आहे, हेतूही चांगला आहे. परंतु विज्ञान शिकवण्याचे साधन म्हणून ती कितपत उपयोगी आहे, हे तपासायला हवे.

यादीत ऊर्जाबचतीच्या अनेक सूचना आहेत. एलईडी दिवे वापरा, उपकरणे प्लगपाशी बंद करा, जवळच्या प्रवासाला सायकल वापरा, छतावर सौर बंब बसवा, ट्रेडमिलवर धावण्यापेक्षा बाहेर धावा. या सर्व सूचना एकाखाली एक, जणू सारख्याच वजनाच्या म्हणून येतात. आमचा पहिला आक्षेप येथे आहे. विज्ञानात 'किती?' हा प्रश्न टाळून चालत नाही.

कोल्हापुरातील चार माणसांचे एक घर कल्पनेने घेऊ. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मोबाइलचा चार्जर वर्षभर नुसताच प्लगमध्ये राहिला आणि तो ०.२ वॅट वीज घेत असला, तर वर्षाला पावणेदोन युनिट खर्च होतात, म्हणजे उत्सर्जन सव्वा किलोच्या आसपास. आता आंघोळीचे पाणी पाहा. माणशी २० लिटर म्हणजे ८० लिटर पाणी २० अंश सेल्सियसने तापवायला ८० × २० × ४.२ = ६७२० किलोज्यूल उष्णता लागते. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, म्हणून रोज सुमारे १.८७ युनिट. वर्षातील ३०० दिवस विजेच्या गिझरवर पाणी तापवले, तर उत्सर्जन सुमारे ३९० किलो होते. चार्जरच्या ते तीनशे पटींहून अधिक आहे. प्लग बंद करण्याची आणि सौर बंबाची, या दोन्ही सूचना त्याच यादीत आहेत. पण कोणती आधी, हे विद्यार्थ्याला कळत नाही.

हेच गणित पुढे नेता येते. १४.२ किलोचा एक गॅस सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वर्षाला आठ सिलिंडर लागले तर सुमारे ३४० किलो. एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो. रोज २० किलोमीटर, वर्षातून ३०० दिवस, लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या दुचाकीवर प्रवास केला तर २७६ किलो होतात. तोच प्रवास लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीने केला, तर ९२० किलो.

यावरून घराचे उत्सर्जन कशाने वाढते, याचा अंदाज येतो. उत्पन्न वाढते तशी घरात यंत्रे येतात आणि इंधन बदलते. लाकूड व शेणी घालून पेटवायच्या बंबाच्या जागी गिझर येतो, सायकलीच्या जागी दुचाकी आणि पुढे मोटार. ही साखळी सवयींच्या यादीत दिसत नाही. तिसरे कारण तर घराबाहेरच आहे : वीज कशापासून बनते. राधानगरी आणि कोयनेची जलविद्युत आपल्या जवळ असली, तरी ती देशाच्या जाळ्यात मिसळते आणि त्या जाळ्यात आजही कोळशाचा वाटा सर्वांत मोठा आहे. हा वाटा कमी करणे विद्यार्थ्याच्या प्रतिज्ञेने होणार नाही. ते धोरणाचे काम आहे.

दुसरा आक्षेप निबंधांतून नेहमी भेटणाऱ्या एका वाक्यावर आहे : 'लोकसंख्या वाढली म्हणून प्रदूषण वाढले.' २००१ ते २०११ या दशकात भारताची लोकसंख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली, पण कुटुंबांची संख्या सुमारे १९.२ कोटींवरून २४.७ कोटींवर, म्हणजे २८ टक्क्यांहून अधिक वाढली. एकत्र कुटुंबे विभागली की फ्रिज, गिझर, वाहन प्रत्येक घरात वेगळे येते. केवळ डोकी मोजून हे समजत नाही. शिवाय अमेरिकेतील माणसाचे सरासरी उत्सर्जन भारतीय माणसाच्या सुमारे सात पट आहे, ही गोष्ट त्या वाक्याने झाकली जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. एकाच वर्गात दारात दोन मोटारी असलेल्या घरातील मूल बसते आणि घरी चूल पेटणारे मूलही बसते. दोघांकडून एकच प्रतिज्ञा घेणे न्यायाचे नाही. चुलीच्या घरात गॅस आला की खनिज इंधनाच्या हिशेबात त्या घराचे उत्सर्जन वाढलेले दिसते. पण चुलीच्या धुराने आईचे फुप्फुस खराब होणे थांबते, आणि अर्धवट जळणातून निघणारी काजळी व मिथेनही कमी होतात. अशा घरात पहिला फ्रिज आला, तर त्यात अपराध कसला? ही बाब सांगितली नाही, तर ज्याचा वाटा सर्वांत कमी, तेच मूल शरमेने मान खाली घालील. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या अशाच घरांची मोठी हानी झाली, हे कोल्हापूरच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून यादी टाकून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. आठवी-नववीच्या वर्गात ती घ्यावी, आणि प्रत्येक सूचनेपुढे विद्यार्थ्यांकडून एक आकडा काढून घ्यावा : वर्षाला किती किलो? साठ वॅटचा जुना दिवा काढून नऊ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर सुमारे ६५ किलो वाचतात, हे मुले विजेच्या बिलावरून सहज काढतील. मग सूचनांचा क्रम लावावा, आणि त्यापुढे आणखी दोन रकाने आखावेत : 'हे आमच्या घराच्या हाती आहे का?' आणि 'नसेल, तर कोणाच्या?' घरांची नावे मात्र फळ्यावर लिहू नयेत. पंच्याहत्तर सूचना पाठ करण्यापेक्षा हे तीन रकाने भरताना मुले अधिक विज्ञान शिकतील.