१६ महिन्यांत २०० पट, पण कंपनीचं काय झालं?

प्रायव्हेट इक्विटीवर वाचायला घेतलंत की गिब्सन ग्रीटिंग्ज तुम्हाला हमखास भेटते. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातली, शुभेच्छापत्रं छापणारी मध्यम आकाराची कंपनी. १९८२ मध्ये माजी अर्थमंत्री विल्यम सायमन आणि त्यांच्या भागीदाराने ती आरसीएकडून ८ कोटी डॉलरला घेतली. त्यात स्वतःचं भांडवल जेमतेम १० लाख डॉलर, बाकी बहुतेक कर्ज. १६ महिन्यांनी कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा तिचं मूल्य सुमारे २९ कोटी ठरलं. सायमन यांच्या ३ लाख ३० हजारांचे ६ कोटी ६० लाख डॉलर झाले. म्हणजे २०० पट!

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या आराखड्यात 'यश' या रकान्यात मी असेच आकडे भरले होते. ती चूक होती. का, ते सांगतो.

समजा, तुम्ही १ कोटीचा फ्लॅट २० लाख स्वतःचे आणि ८० लाख कर्ज घालून घेतला. तो १ कोटी २० लाखांना विकला. व्याज बाजूला ठेवू. फ्लॅटची किंमत २० टक्के वाढली, तुमचे पैसे मात्र दुप्पट झाले. ही किमया कर्जाची, फ्लॅट होता तसाच आहे. बायआउटमध्ये फरक इतकाच की हप्तेसुद्धा 'फ्लॅट'च भरतो, कारण कर्ज कंपनीच्या डोक्यावर असतं.

गिब्सनचं मूल्य वाढलं साडेतीन पटीपेक्षा थोडं जास्त, २०० पट नव्हे. आणि तेवढी वाढ तरी सुधारणेची होती का? आरसीएला हा धंदा नकोसा होता. शिवाय १९८२च्या ऑगस्टपासून अमेरिकेचा शेअर बाजारच उसळला होता.

मग बायआउट म्हणजे नुसती हातचलाखी? तसंही नाही. स्टीव्हन डेव्हिस, जॉन हॉल्टीवँगर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २०१३ मधले सुमारे ३,६०० अमेरिकन बायआउट तपासले. त्यांचा २०१९चा निबंध म्हणतो: तशाच इतर कंपन्यांच्या तुलनेत दोन वर्षांत कामगारांची उत्पादकता सरासरी ८ टक्के वाढली. नोकऱ्या मात्र शेअर बाजारातून काढून घेतलेल्या कंपन्यांत सुमारे १३ टक्के घटल्या, आणि आधीपासून खासगी असलेल्या कंपन्यांत तितक्याच वाढल्या. 'बायआउट चांगलं की वाईट' हा प्रश्नच इथे मोडीत निघतो. कोणती कंपनी, हे आधी विचारावं लागतं.

निबंध मला आवडतो, पण माझा आक्षेप त्या दोन वर्षांवर आहे. फंड सहसा कंपनी त्याहून जास्त काळ ठेवतात. म्हणजे हे मोजमाप बहुतेक वेळा एक्झिटच्या आधीच संपतं. खर्चकपातीचा फायदा लवकर दिसतो. न घेतलेली यंत्रं, न शिकवलेली नवी माणसं यांची किंमत उशिरा कळते, बहुधा पुढच्या मालकाला.

म्हणून मी रकाना बदललाय. आता एक्झिटनंतर ५ वर्षांनी कंपनीत किती लोक कामाला आहेत आणि कर्ज किती उरलंय, ते पाहतोय. माहिती मिळवताना दमछाक होते, कारण विकून झाल्यावर फारसं कुणी मोजत नाही. पुढच्या वेळी 'फंडाने ५ पट कमावले' अशी बातमी वाचलीत, तर तुम्हीही विचारा: यातलं कर्जाचं किती, बाजाराचं किती आणि कंपनीचं किती?