सर्जनशीलतेचे सोवळे

‘सर्जनशीलता’ हा शब्द आपल्या अध्यापक विद्यालयांत अलीकडे फार स्वस्त झाला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो जागोजागी आहे, अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत आहे, छात्राध्यापकांच्या टाचणवहीत तर तो हटकून असतोच. मुलांच्या प्रगतिपत्रकांतील वर्णनात्मक नोंदींत ‘कल्पकतेने चित्र काढतो’ हे वाक्य नावामागून नावापुढे लिहिलेले आढळते. या नोंदींची तयार पुस्तके बाजारात मिळतात. मुलाच्या कल्पकतेविषयीचे वाक्य शिक्षकाने पुस्तकातून उतरवून घ्यावे, ही विसंगती दाखवून हसणे सोपे आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न वेगळा आहे. प्राथमिक शिक्षक होऊ घातलेले तरुण-तरुणी सर्जनशीलता म्हणजे काय समजतात? ही समज त्यांच्याकडे आली कोठून? आणि या समजुतीत आमच्या वस्त्यांतील मुलांना जागा आहे काय?

याचे उत्तर शोधायचे तर टाचणवही हा एक वाङ्मयप्रकार आहे असे मानून ती वाचली पाहिजे. (आपल्या समीक्षकांनी तिच्याकडे अद्याप पाहिलेले नाही, त्यांचे त्यावाचून काही अडलेलेही नाही.) या वहीत डाव्या बाजूस शिक्षकाची कृती असते आणि उजव्या बाजूस विद्यार्थ्यांची. शिक्षकाने विचारावयाचा प्रश्न डावीकडे, मुलांनी द्यावयाचे उत्तर उजवीकडे. हे उत्तर आदल्या रात्रीच लिहून झालेले असते. वर्गात कोण बसणार आहे, कोण उपाशी आले आहे, कोणाचा बाप ऊसतोडीला गेला आहे, याचा त्या उत्तराशी संबंध नसतो. निरीक्षक मागच्या बाकावर बसून डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ बसला की नाही एवढे पाहतो. एखाद्या मुलाने भलतेच उत्तर दिले, तर छात्राध्यापक कावराबावरा होऊन दुसऱ्या मुलाकडे वळतो. याच वहीच्या पहिल्या पानावर ‘विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलतेचा विकास करणे’ हे उद्दिष्ट सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते. हर्बर्टच्या पंचपदीवर अजूनही आपली श्रद्धा आहे. वास्तविक हर्बर्टने पायऱ्या चारच सांगितल्या होत्या; त्यांच्या पाच त्याच्या अनुयायांनी केल्या. गुरूपेक्षा शिष्यांनी अधिक कर्मठ व्हावे हा नियम तेथेही चुकला नाही.

मग या वहीत सर्जनशीलता नेमकी कोठे राहते? ती ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात राहते. रंगीत कार्डशीट, घोटीव कागदाची फुले, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर. म्हणजे सर्जनशील कोण, तर शिक्षक. मुलांनी ते पाहून टाळ्या वाजवायच्या. हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये डरहॅम येथील बोल्डेन, हॅरीज व न्यूटन यांनी प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणार्थींना गणितातील सर्जनशीलतेविषयी विचारले होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रशिक्षणार्थींची कल्पना संकुचित आढळली. त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः शिक्षकाने वापरावयाची साधने व तंत्रे होती. मुलाने स्वतः विचार करून वेगळी वाट काढणे फारसे नव्हते. तेव्हा सजावटीलाच सर्जन समजण्याची चूक तेथेही होते. परंतु आपल्याकडे तिला आणखी एक मूळ आहे आणि ते फार खोल गेलेले आहे.

ते मूळ ‘प्रतिभा’ या शब्दात आहे. प्रतिभा ही जन्मजात देणगी होय, ती ज्याच्यापाशी असते त्याच्यापाशी असते, हे आमच्या काव्यशास्त्राने शिकवले. दंडीने काव्यादर्शात प्रतिभेला नैसर्गिक म्हटले. पण याच दंडीने लगेच पुढे असेही सांगितले आहे की, पूर्वजन्मीच्या वासनेतून येणारी ही प्रतिभा नसली तरी श्रवण आणि प्रयत्न यांनी उपासना केल्यास वाग्देवी काही ना काही अनुग्रह करतेच. पहिला भाग परंपरेने पाठ केला. दुसरा भाग तिला परवडण्यासारखा नव्हता, कारण श्रवणाचाच अधिकार कोणाला द्यावयाचा नाही याची यादी तिच्याजवळ तयार होती. छात्राध्यापकाने दंडीचे नावही ऐकलेले नसते. तरीही ‘काही मुलांत उपजतच असते, सर,’ हे वाक्य तो सहज बोलून जातो, आणि ‘काही मुले’ म्हणजे कोणती हे विचारल्यास तो जी नावे सांगतो त्यांत गावकुसाबाहेरचे नाव क्वचितच असते.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा अध्यापक विद्यालयांचा आवडता उपक्रम. त्याच्या प्रदर्शनाला मोठे अधिकारी येतात, फिती कापल्या जातात. मला नेहमी वाटते की, या तीन शब्दांत आमच्या समाजांचा सगळा इतिहास आहे आणि तो कोणाच्याही लक्षात येत नाही. मेलेले ढोर गावाने टाकले. त्याच्या कातड्याची मोट आमच्या माणसांनी केली आणि त्या मोटेवर गावाचे मळे भिजले. बांधावरचे घायपात कुजवून त्याचा वाख काढला आणि त्याचा नाडा वळला. चिंध्यांची गोधडी आमच्या आयांनी शिवली. हे सगळे टाकाऊतून टिकाऊच होते. मात्र त्याला कोणी सर्जनशीलता म्हटले नाही. त्याला बलुते म्हटले, विटाळ म्हटले. जो हात वस्तू घडवतो तो अपवित्र आणि जी जीभ पाठांतर करते ती पवित्र, ही विभागणी हजार-दीड हजार वर्षे चालली. आता प्लॅस्टिकच्या बाटलीला टिकल्या चिकटवल्या की ती प्रतिभा ठरते. सर्जनशीलतेला आपल्याकडे सोवळे नेसवले आहे ते असे.

मानसशास्त्राच्या पुस्तकात सर्जनशीलतेचा पाठ गिलफर्डपासून सुरू होतो. १९५० साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून त्याने या विषयाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. एका प्रश्नाची अनेक उत्तरे शोधणारा विचार, त्याचे मापन, हे सर्व त्या परंपरेतून आले. तिच्यातला एक प्रसिद्ध प्रश्न आहे : विटेचे जास्तीत जास्त उपयोग सांगा. छात्राध्यापक हा प्रश्न परीक्षेसाठी पाठ करतात. आता वीटभट्टीवर राहणाऱ्या मुलाचा विचार करा. वीट म्हणजे त्याची उशी, त्याची चूल, त्याचा पाट, पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला भार, धाकट्या भावाची मोटारगाडी, अंगावर आलेल्या कुत्र्याला दाखवायचे हत्यार. या चाचणीत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळावेत! परंतु चाचणी घेतली जाते तेव्हा तो हजेरीपटावर असतो आणि वर्गात नसतो. वर्गात असला तरी तो मागे बसलेला असतो, आणि त्याने ‘कुत्र्याला मारायला’ असे उत्तर दिले तर मुले हसतात व छात्राध्यापक म्हणतो, असे बोलू नये. शिकागोच्या गेट्झेल्स व जॅक्सन यांनी १९६२ सालीच दाखवले होते की, शिक्षकांना चाचणीत बुद्धिमान ठरलेली मुले आवडतात, सर्जनशील मुले तितकी आवडत नाहीत. तेथे जातीचा प्रश्न नव्हता. येथे तो वर आणखी आहे.

गणिताच्या तासाला हे अधिक स्पष्ट दिसते. आठवडी बाजारात आईच्या शेजारी बसून मेथी विकणारी मुलगी पंधरा रुपयांच्या सात जुड्यांचे पैसे तत्काळ सांगते. दहा जुड्यांचे दीडशे, तीन कमी म्हणजे पंचेचाळीस वजा, एकशे पाच. हा तिने स्वतः शोधलेला मार्ग आहे. तिला कोणी तो शिकवलेला नाही. शाळेत हेच उदाहरण आले की तिने उभी मांडणी केली पाहिजे, हातचे घेतले पाहिजेत. उत्तर बरोबर असले तरी ‘रीत दाखवली नाही’ म्हणून गुण कापले जातात. ब्राझीलमधील रेसिफे शहरात फेरीवाल्यांच्या पाच मुलांनी बाजारात ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तेच हिशेब नुसत्या आकड्यांच्या रूपात कागदावर दिल्यावर ३७ टक्केच बरोबर आले. हे १९८५ साली प्रसिद्ध झाले आहे. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबाबत असेच निष्कर्ष २०२५ साली ‘नेचर’मध्ये आले, आणि त्यात आणखी एक गोष्ट होती : शाळेत जाणारी व बाजारात काम न करणारी मुले व्यवहारी हिशेबात अडली. म्हणजे रीत तेवढी पाठ झाली होती. ही दोन जगे जोडणे हे शिक्षकाचे काम. पण ‘गणितात कसली आली सर्जनशीलता?’ असे छात्राध्यापकच विचारतात. तिच्यासाठी शनिवारचा कार्यानुभवाचा तास ठेवलेला आहे.

येथे एक धोका आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आमच्या मुलांच्या हातांतील कसबाचे कौतुक करणारे सगळेच आमचे मित्र नव्हेत. १९३७च्या वर्धा योजनेने हस्तोद्योगाला शिक्षणाचा पाया मानले. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा व अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली. पेरियारांनी तिच्याविरुद्ध रान उठवले आणि पुढच्याच वर्षी ती गेली. २०२०च्या धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकावे असे आहे. कुंभाराच्या मुलाने त्या दहा दिवसांत कोणाकडे जावे हे त्यात सांगितलेले नाही. टोपली विणणाऱ्याच्या मुलाला ‘तू टोपली छान विणतोस’ म्हणून टोपलीशीच बांधून ठेवणे, हा चातुर्वर्ण्याचाच नवा शब्दप्रयोग झाला.

मग करावयाचे काय? टोपलीतला विचार उचलावयाचा. एकाच पट्टीने एकाआड एक विणायचे तर उभ्या काड्या विषम संख्येत लागतात. सम असल्या तर प्रत्येक फेरा त्याच काडीवरून त्याच बाजूने जातो आणि वीण बसत नाही. हे कैकाड्याच्या, बुरुडाच्या पोराला ठाऊक असते. ‘असे का होते?’ एवढेच शिक्षकाने विचारावे. सम-विषमाचा पाठ तेथून सुरू होईल, तो मुलगा त्या दिवशी वर्गाला शिकवील आणि उद्या टोपली सोडून गणिताकडे जाईल. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, प्रशिक्षित आणि प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस धरू शकणारा असावा, असे मागितले होते. मुलांना नांगराला जुंपण्यासाठी त्यांनी ते मागितले नव्हते. लोकांत मिसळणारा, त्यांची गरज जाणणारा गुरुजी त्यांना हवा होता.

तसा गुरुजी आज आला आहे काय? संख्येने आला आहे. डी.एड. ही आमच्या घरांतील पहिल्या शिकलेल्या पिढीची शिडी होती. आज डी.एल.एड. करणाऱ्यांतही पाल, तांडा, वाडा, वस्ती येथून आलेले पुष्कळ आहेत. परंतु २०१३पासून त्यांच्यापुढे पात्रता परीक्षा आहे. तीत चार पर्यायांतून एक निवडावा लागतो. पुढे भरतीची वर्षानुवर्षांची वाट, नंतर शिक्षणसेवक म्हणून मानधनावरील वर्षे. एवढे सोसून जो उभा राहिला तो शुद्ध भाषेचा सर्वांत कडक पहारेकरी होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ‘माज्या मायनं’ असे लिहिणाऱ्या मुलीची वही लाल शाईने भरून टाकणारी छात्राध्यापिका स्वतः घरी मायच म्हणत असते. तिला दोष देणे मला जमत नाही. या सोवळ्याची किंमत तिने मोजलेली आहे. ते फुकट गेले असे तिला कोण सांगणार? तरीही ते सांगितले पाहिजे, आणि आपल्याच लोकांनी सांगितले पाहिजे. दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णा भाऊंची जयंती आपण साजरी करतो; दीड दिवसांत त्यांना घालवणाऱ्या शाळेचे काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

उलट उदाहरणही आपल्याजवळ आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मांग समाजाच्या मुक्ताने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. शिक्षण अवघे तीन वर्षांचे. त्या निबंधात धर्माला जाब विचारला आहे. ‘माझा आवडता ऋतू’ यावर निबंध मागणाऱ्या शाळेत तो लिहिला गेला नसता.

अध्यापक विद्यालयांना एक साधी गोष्ट करून पाहता येईल. सराव पाठाच्या टाचणातील उजवा रकाना आदल्या रात्री कोरा ठेवावा. पाठ झाल्यावर मुले प्रत्यक्षात जे बोलली ते त्यांच्याच बोलीत, भलत्या उत्तरांसकट, तेथे उतरवावे आणि निरीक्षकाने गुण त्या रकान्याला द्यावेत. असे पाच-पन्नास पाठ जमले तर संपादकांनी त्यांना या त्रैमासिकात जागा द्यावी, अशी माझी सूचना आहे.