दरफाळणीचा सण : एका अर्थाची छाननी

बेने इस्राएल लोकांच्या जुन्या मराठी सणनामांत 'दरफाळणीचा सण' हें एक नांव आहे. हिब्रू पंचांगांतील योम किप्पूर, म्हणजे पापक्षालनाचा दिवस, तो हाच. हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनीं इ. स. १८९७ मध्यें लिहिलेला व इ. स. १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापलेला ह्या समाजाचा इंग्रजी इतिहास संग्राहकांस परिचित आहेच. ह्या नांवाचा अर्थ परंपरेनें 'दारें लावण्याचा सण' असा सांगतात. कारण असें देतात कीं, त्या दिवशीं कोंकणांतील हीं कुटुंबें दारें लावून घरांत उपोषित राहत व परक्याचा संपर्क टाळीत.

आचार खरा असेल. परंतु त्यानें नांवाचा उलगडा होतो, हें आम्हांस मान्य नाहीं. मराठींत 'फाळणें' म्हणजे चिरणें, दुभंग करणें. धातुपाठांतही 'फल्' धातूचा एक अर्थ विशरण, फुटणें, हाच आहे. फाळलेलें दार हें लावलेलें दार नव्हे! 'फळी' शब्दाशीं संबंध जोडून 'फळ्यांनीं दार लावणें' असा अर्थ काढतां येईल. पण मग 'फाळणी' हें रूप कसें सिद्ध झालें तें दाखवावें लागेल. शिवाय रोमन लिपींत ल आणि ळ सारखेच दिसतात, तेव्हां इंग्रजी ग्रंथावरून घेतलेल्या वाचनावर फार भार टाकूं नये.

दुसरा धागा आम्हांस अधिक सबळ वाटतो. ह्या दिवसाची शेवटची प्रार्थना 'नेईला', म्हणजे दार लावणें. कोणतें दार, ह्याविषयीं यरुशलेमी तल्मूदांतच दोन मतें आहेत : एक मंदिराचें, दुसरें आकाशाचें. मुंबईस मांडवी येथें सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनीं इ. स. १७९६ मध्यें बांधलेल्या प्रार्थनालयाचें नांव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचें द्वार. ह्या 'रहमीम' शब्दाचें हिब्रूंतील गर्भाशयवाचक 'रेहेम' शब्दाशीं नातें आहे. आणि आमच्या जुन्या शहरांत दहीहंडा वेशीजवळ 'रहम' म्हणून जो शब्द कानीं पडतो तो अरबीवाटे आलेला त्याचाच सगोत्र. दया ही अशी मातेकडची असल्यामुळें तिचें दार दिवस मावळेपर्यंत उघडें राहतें, असा भाव त्या प्रार्थनेंत आहे. सणनामांतील दार घराचें कीं दयेचें, हा वाद म्हणून क्षुल्लक नाहीं. पहिला अर्थ घेतल्यास केवळ सोंवळें उरतें.

'तेशुवा' ह्या हिब्रू शब्दाचें 'पश्चात्ताप' हें भाषांतरही आम्हांस अपुरें वाटतें. तेशुवा म्हणजे परतणें. पश्चात्तापांत नुसता जळफळाट असूं शकतो, पाऊल मागें वळेलच असें नाहीं. मनूच्या अकराव्या अध्यायांत ख्यापन व अनुताप ह्यांच्या जोडीस पुन्हां तसें न करण्याची 'निवृत्ति' सांगितली आहे. तो शब्द जवळचा. मात्र निवृत्ति पापापासून होते, तेशुवा कोणाकडे तरी होते. म्हणूनच मिश्नेच्या योमा प्रकरणांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, शेजाऱ्याचा अपराध असेल तर त्याचें समाधान केल्याशिवाय हा दिवस तो धुऊन काढीत नाहीं.

ज्यांच्या दप्तरांत पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतील बेने इस्राएल घराण्यांचे मोडी कागद किंवा बाळबोध लिपींतील जुनीं प्रार्थनापुस्तकें असतील, त्यांनीं हें सणनाम कसें लिहिलें आहे, ल कीं ळ, फा कीं फ, एवढेंच उतरून त्रैमासिकाकडे पाठवावें.

जुने शहर, अकोला